शेपटी गळून पडते

आमचे प्राणिशास्त्राचे सर मूर्ख होते. वय झाल्यावर माणसं असल्या गोष्टी मवाळपणे सांगतात. मला ते जमत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती, तेव्हा ते पुण्याकडून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजात आले आणि आल्या दिवसापासून आमच्यावर उपकार केल्यासारखे वावरले. वर्गात कुणी ‘मले समजलं नाही’ म्हटलं की ते खडू खाली ठेवून हसत, आणि समजावून सांगायचं राहूनच जाई. शिकवणं म्हणजे स्वतःच्या विद्यार्थीदशेतल्या पिवळ्या वह्या वाचून दाखवणं.

त्या वहीत होतं की, बेडूकमाशाचा बेडूक होताना शेपटी गळून पडते. मी मोताळ्याजवळच्या भाजीपाल्याच्या मळ्यात वाढलेली. विहिरीपाशी हौदात दरवर्षी बेडूकमासे व्हायचे, पण गळलेली शेपटी मी कधी पाहिली नव्हती. म्हणून लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाच बेडूकमासे ठेवले. पाणी बदललं नाही, वरून फक्त भर घातली. पाय फुटल्यावर काही दिवसांनी त्यांनी पालक खाणं सोडलं. शेपटी रोज आखूड होत गेली आणि एके सकाळी ती नव्हतीच. जर्नलमध्ये मी तसंच लिहिलं: शेपटी गळत नाही, अंगातच विरते.

सरांनी त्या पानावर लाल काट मारली. जर्नलवर त्यांची सही नसली तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि परीक्षा बुडाली की माझं शिक्षण बंद, हे घरी आधीच ठरलेलं होतं. मी बरणी उचलून लॅबमध्ये नेली. तर या विद्वानाने शिपायाला बोलावून बरणीतलं सगळं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळायला लावलं. शेपट्या शोधायला! एम.एस्सी. झालेला माणूस हातात चिमटा घेऊन फडक्यावर वाकला होता. निघालं काय, तर शेवाळ आणि पालकाचे धागे.

“तूच सांडल्या असशील,” सर शिपायाला म्हणाले.

“थेंब नाही सांडला साहेब. पाहा न, जमीन कोरडी हाये.”

सरांनी जमीन पाहिली नाही. मला म्हणाले, “वहीत आहे तेच लिहून आण.”

घरी वडील बाजारासाठी वांग्याची पाटी भरत होते. त्यांना सगळं सांगितलं.

“लिहून टाक न माय, त्याले पाह्यजे तसं,” ते म्हणाले. “सही झाली म्हंजे झालं.”

मी नवं पान लावलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं की शेपटी गळून पडते. सरांनी सही केली, शेजारी ‘उत्तम’ असा शेराही मारला.

पुढे बी.एस्सी.ला नव्या पुस्तकात लायसोसोम भेटले. पेशीच्या आत इवल्याशा पिशव्या असतात, त्यांत पाचक रस. पेशीतला मोडका, जुना भाग त्या पिशवीत जिरतो, त्याचे बारीक घटक सुटे होतात आणि पेशी तेच घटक पुन्हा वापरते. बेडूकमाशाची शेपटी अशीच विरते, आणि खाणं बंद असलेल्या दिवसांत ते जनावर बऱ्याच अंशी तिच्यावरच निभावतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी या पिशव्यांना ‘आत्मघाती’ म्हटलं होतं. त्यांचीही मला कीव आली. रोज घर आवरून कामाची वस्तू बाजूला काढणाऱ्या बाईला कुणी आत्मघाती म्हणतं का?

ते पुस्तक मिटून मी सरांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग मी स्वतः शिकवायला लागले आणि दरवर्षी वर्गात बरणी ठेवून ही गोष्ट रंगवून सांगू लागले. चिमटा, फडकं, कोरडी जमीन. पोरं पोट धरून हसायची. नव्या पानापर्यंत मात्र मी कधी जात नसे. सरांना निदान आपण सांगतो ते खरं वाटत होतं.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, “मॅडम, मंग तुम्ही जर्नलात काय लिहिलं?”

“खरं तेच,” मी म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.