आबांच्या नातीवर गोल

कोल्हापुरात मला पुण्याच्या एसटीत बसवायला फुटबॉल खेळणारी आपली सगळी तालीम आली होती. हलगी काय, गुलाल काय! कंडक्टरला वाटलं, मी निवडून आलोय. पुण्यातल्या एका कंपनीनं आपल्या फुटबॉल टीममध्ये स्ट्रायकर म्हणून नोकरी दिली होती, एवढंच. आबा खिडकीखाली येऊन म्हणाले, "तिथं जरा हळू बोल. मानसं भितील."

तालमीतल्या मंडळींनो, तुम्हाला पुण्यातली पहिली मॅच कधी सांगितली नाही. मी गोल मारला आणि सवयीनं प्रेक्षकांकडं धावलो. तिथं काही पेन्शनर बसले होते. मला खांद्यावर घेईल असं त्यांत कुणी दिसेना. माझे बुधवार पेठेतले घरमालक लेलेकाका छत्री सावरत म्हणाले, "अहो, इकडे कुठे? मॅच तिकडे चालू आहे."

त्याच आठवड्यात परत यायचं ठरवलं होतं. पण पुढच्या मॅचलाही काका आले, त्याच्या पुढच्याही. त्यांनी कौतुक कधी केलं नाही आणि मॅच कधी चुकवली नाही. मी राहिलो.

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, कंपनीनं टेबलामागं बसवलं. मैदानाशिवाय पुण्यात करायचं काय, म्हणून बॅग भरायला घेतली, तर काका दारात.

"निघालात? जा. पण आपल्याला आता पळता येत नसलं, तरी ओरडता उत्तम येतं. येरवड्याच्या एका शाळेला मुलींसाठी कोच हवाय. मी आपलं नाव देऊन आलोय."

असा मी कोच झालो. पहिल्या दिवशी "हाण!" म्हणून ओरडलो, तर एका मुलीनं शांतपणे विचारलं, "सर, कोणाला?"

गेल्या वर्षी मुलींना घेऊन कोल्हापूरला आलो. समोर आपल्याच तालमीच्या पोरी आणि गोलात माझी पुतणी कोमल. तुम्ही जे ओरडलात त्यातलं निम्मं माझ्या मुलींना कळलं नाही, हे बरं झालं. सगळ्यांत पुढं आबा. "ए पुणेकर, खाली बस!" असं स्वतःच्या मुलाला.

शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. कोमल नेहमी उजवीकडं झेपावते, हे मला ठाऊक. क्षणभर घुटमळलो, मग माझ्या मुलीच्या कानात सांगितलं. तिनं बॉल कोमलच्या डावीकडं सारला आणि आम्ही जिंकलो.

कोमल चिखल झटकत आली. "काका, तुम्हीच सांगितलासा न्हवं?"

"व्हय."

"बरं. आता डावीकडचीबी प्रॅक्टिस करतो."

जेवताना आबांनी फक्त तांबड्या रश्श्याचं पातेलं माझ्याकडं सरकवलं. निघताना म्हणाले, "घरी पोचलास की फोन कर."

घरी, म्हणजे पुण्याला. हा शब्द पुण्यासाठी त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. रागानं की मायेनं, सातारा मागं पडला तरी मला ठरवता येईना.

रात्री फोन लावला. म्हटलं, "आबा, पोचलो घरी."

"बरं झालं," आबा म्हणाले. "आता घरी कधी येतोस?"