सरांचा एकच शब्द

सरांना लकवा झाल्याचं मला मैत्रिणीनं कळवलं. ती आमच्याच शहरात पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात कामाला आहे. शाळेत आम्ही दोघी खो-खोच्या एकाच संघात होतो. फोनवर ती एवढंच म्हणाली, "सर बोलत नाहीयेत गं." मला वाटलं, कशावरून तरी रागावले असतील. मग तिचं रडणं ऐकू आलं.

सर आम्हाला वर्गात भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर खो-खो. आमची शाळा पालिकेची, मराठी माध्यमाची, बमरोलीच्या बाजूला. बहुतेक जणींचे वडील लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला. शाळेला मैदान असं नव्हतंच. मागे एका मिलच्या भिंतीलगत मोकळी जागा होती, तिथे सरांनी दोन खांब रोवून घेतले होते. आजूबाजूला लूमचा खटखटाट चालू असायचा आणि त्यावर सरांचा आवाज. शिट्टी त्यांनी कधी गळ्यात घातली नाही. "शिट्टी सगळ्यांना सारखीच ऐकू येते," म्हणायचे, "मला प्रत्येकीला वेगळं सांगायचं असतं."

मी सातवीत असताना वडिलांनी माझं खेळणं बंद केलं. मुलगी मोठी झाली, आता धावणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सर आमच्या खोलीवर आले. वर्गात शुद्ध मराठी बोलणारे सर जमिनीवर मांडी घालून बसले आणि वडिलांशी आमच्या घरच्या अहिराणीत बोलू लागले. "भाऊ, तुमनी पोर भारी पयस. तिले घरमा कोंडू नका." मी भारी पळते, हे वडिलांनी ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, "सरसले चहा ठेव." मी पुढे बारावीपर्यंत खेळले. आज इच्छापोरला कंपनीत चार माणसांना कामं सांगते, माझ्याच्यानं ते होतं, ते त्या संध्याकाळमुळे, असं मी मानते.

तर सरांना मी आधी दवाखान्यात पाहिलं आणि नंतर घरी. उजवा हात, उजवा पाय गेला होता. तोंड थोडं वाकडं झालं होतं. पण मला ओळखलं, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "सर, कसं वाटतंय?"

सर म्हणाले, "मंगळवार."

मी काकूंकडे पाहिलं. सरांची पत्नी, आम्ही सगळ्या त्यांना काकूच म्हणतो. "तोच एक शब्द राह्यना माय," त्या म्हणाल्या. "पाणी मागतीन तरी तोच, रागे भरतीन तरी तोच."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना आपलं बरंचसं समजतं, मनात सांगायचं असतंही, पण शब्द बाहेर येताना हरवतो आणि जो एक अडकून राहिलाय तोच येतो. त्याला अर्थ नाही. तरी आम्ही अर्थ शोधलाच. मंगळवारी काही झालं होतं का, कुणाला भेटायचं होतं का. काकूंनी तर मंगळवारचा उपास धरला.

मी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, हातापायांचा व्यायाम घ्यायला एक जण यायचे. ते नसतील तेव्हा मी सरांचा हात वर-खाली करायचे. एकदा तसं करताना सवयीनं मोजायला लागले, मैदानावर मोजायचो तसं. एक, दोन. आणि सर माझ्याबरोबर म्हणाले, "तीन, चार." पाच, सहा, सात, आठ. स्पष्ट, त्यांच्या जुन्या आवाजात. काकू हातातलं पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा जमलं. मला वाटलं, झालं, आवाज परत आला.

"सर, आता माझं नाव सांगा," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जुळवले. "मंगळवार."

ते त्यांनी स्वतः ऐकलं. डोळे मिटून घेतले. त्या दिवसानंतर मी कितीदा एक-दोन सुरू केलं, पण सर परत मोजायला तयार झाले नाहीत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पाठ असलेलं आपोआप येतं, त्यावरून आशा धरू नका. हे मला आधी माहीत असतं तर मी नाव विचारलंच नसतं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची एक दुपार मला विसरता येत नाही. सरांना काहीतरी हवं होतं. नेहमीसारखं नव्हे, अगदी निकडीचं. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि दाराकडे, माझ्याकडे, परत दाराकडे पाहत राहिले. पाणी दिलं, नको. बाथरूम विचारलं, नको. उशी सरकवली, खिडकी उघडली. नाशिकला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला फोन लावून कानाशी धरला, तो त्यांनी ढकलून दिला. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. कागदावर एक रेघ निघाली, वळली आणि थांबली. ज्या माणसानं फळ्यावर न बघता तापीचा अख्खा प्रवाह काढावा, त्याची ती रेघ होती. काकू रडकुंडीला आल्या. "काय पायजे तुमले, हात करीसन दखाडा ना."

सर त्याच शब्दानं विनवत होते. तो शब्द त्यांनी हळू म्हटला, ओरडून म्हटला, शेवटी हात जोडावेत तसा डावा हात छातीशी नेऊन म्हटला. मी समोर बसून होते. आमच्यातल्या प्रत्येकीच्या पायात काय चुकतंय हे ज्या माणसाला लांबून कळायचं, त्याला काय हवंय हे मला हातभर अंतरावरून कळत नव्हतं. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते काय होतं, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

दिवाळीनंतर मुलगा दोघांना नाशिकला घेऊन गेला. मला म्हणाला, "ताई, आई एकटी त्यांना उचलणार तरी किती?" गाडीत बसवताना मी खांद्याला आधार दिला. सर काचेतून माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक सांगत राहिले, तोच शब्द, पण वाक्यासारखा, मध्ये थांबे घेऊन. मी "हो सर, हो" म्हणत गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मला समजलेलं नाही हे त्यांनी ओळखलंय. तरी ते शेवटपर्यंत बोलले.

आता मी रविवारी फोन करते. काकू फोन त्यांच्या कानाशी धरतात. अलीकडे ते तो शब्दही म्हणत नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. मी म्हणते, "सर, शाळेच्या मागे आता कपड्याचं गोडाऊन झालंय," आणि लगेच वाटतं, हे कशाला सांगितलं. मग माझ्या मुलीच्या परीक्षेचं सांगते, मैत्रिणीच्या दुकानातलं सांगते.

"ऐकतात का ते, काकू?" मी विचारते.

"काय माहीत माय," काकू म्हणतात. "तू बोल."