फाटकाबाहेरचं ताम्हण

बाग म्हणजे माणसाने ऋतूंशी केलेला करार असतो. हे वाक्य मी एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली होती. दुसऱ्या पानावर नर्सरीवाल्याचा फोन नंबर आहे आणि त्याखाली ‘शेणखत, दोन पोती’. ऋतूंची सही कुठेच नाही.

वही घेण्याला कारण होतं. आमची माय गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहायची, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पलीकडे. भाऊ-भावजय सकाळी शेतात गेले की दिवेलागणीलाच परतायचे. सात वर्षांपूर्वी एका दुपारी माय न्हाणीजवळ घसरून पडली आणि ते दोघं येईपर्यंत तिथेच पडून राहिली. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. माय म्हणाली, सावली होती म्हणून बरं.

तिला हिंगोलीत माझ्याकडे आणून ठेवायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. हे ठरवणं माझ्या हातात नाही, हे तिने मला पुढे वारंवार दाखवून दिलं. यायची, पिशवी खुंटीला लावायची आणि आठ-दहा दिवसांनी काढून घ्यायची.

“काहून चाललीस?” मी एकदा विचारलं.

“इथं बगायला काय हाय? भिताडं बगत बसू?”

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला कुठलीही अडचण आली की तो कपाटाकडे जातो. बागकामाची दोन पुस्तकं वाचून मी वहीत बारा चौकोन आखले, महिन्याला एक. प्रत्येक चौकोनात बघण्याजोगं एक तरी झाड हवं. वैशाखात बहावा, ज्येष्ठात अनंत, श्रावणापासून पारिजातक, कार्तिकात कांचन, फाल्गुनात पांगारा. अधल्यामधल्या रिकाम्या जागांना शंकासूर आणि बोगनवेल. पुस्तकांचं म्हणणं असं की नुसत्या फुलांवर भिस्त ठेवू नये. पालवीचा रंग, खोडाची साल, पानगळीनंतरचा आकार हेही बघावं. म्हणून पांढरा चाफा घेतला. पानं झडल्यावर चाफा फार देखणा दिसतो हे खरं आहे, फक्त ते शेजाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. पौषाचा चौकोन मात्र भरेना. तिथे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

नर्सरी आखाडा बाळापूरच्या रस्त्याला होती. तिथला माणूस प्रत्येक झाडाला बारमाही म्हणायचा. बहावाही बारमाही निघाला तेव्हा मी हरकत घेतली की तो फक्त उन्हाळ्यात फुलतो.

“तेच की साहेब. दर उन्हाळ्यात फुलतो. एक चुकवत न्हाई.”

निघताना त्याने माझ्या यादीत नसलेलं एक रोप आपणहून गाडीत ठेवलं. ताम्हण आहे, राज्याचं फूल आहे, बराबर फुलेल, असं सांगितलं. माझ्याकडे चौकोन शिल्लक नव्हता. ते रोप मी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावलं. धुण्याचं पाणी तिकडेच वाहत जायचं. राज्याच्या फुलाला याहून मानाची जागा मला देता आली नाही.

बागेसमोर मी सिमेंटचा बाक बसवून घेतला. त्यावर बसलं की बाराही महिने नजरेच्या टप्प्यात येत. बायकोने तो फिरून फिरून पाहिला आणि पापड वाळवायला बरा आहे म्हणाली.

झाडं वाढली. माय येत राहिली, जात राहिली. बाकावर बसून तिने प्रत्येक झाडाची चौकशी केली.

“ह्याला फळ काय येतं?”

“फळ नाही माय, फूल येतं.”

“मंग?”

या ‘मंग’ला दोन्ही पुस्तकांत उत्तर नव्हतं.

एका पावसाळ्यात मी चार क्रोटन आणले, हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे असलेले. फुलं नसतानाही वर्षभर रंग, असं पुस्तकात होतं. माय तेव्हा आमच्याकडेच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही मुळासकट उपटून फाटकाजवळ रचून ठेवलेले, आणि माय नळावर हात धुऊन राहिली.

“मोझॅक पडला व्हता,” ती म्हणाली. “समद्या बागेत पसरला असता.”

सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला की पिवळी पडलेली झाडं उपटून टाकायची असतात, म्हणजे बाकीचं रान वाचतं. तिने माझं रान वाचवलं होतं. ती पानं मुळातच तशी असतात आणि मी निवडून आणलीत, हे मी तिला सांगितलं. ते सांगायला नको होतं. रोगट रोपं पारखून आणणाऱ्या मुलाच्या घरी ती आणखी दोनच दिवस राहिली.

मग गेल्या वर्षी वैशाखात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर दवाखान्याच्या जवळपास राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी काळा चष्मा लावून तिने खुंटीवरची पिशवी काढली. गावी घर दिवसभर रिकामं असणार होतं, न्हाणी तीच होती आणि आता एक डोळाही अर्धवट. सुदैवाने बहावा ऐन भरात होता, बाकावर पिवळे घोस लोंबत होते. मी तिला तिथे नेऊन दाखवलं. सांगायला लाज वाटते, पण मी तिथे छोटंसं भाषणही केलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“चांगलं हाय. येते मी,” म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली.

आमच्या घरावरून सेनगाव-गोरेगावच्या जिपा जातात. धुण्याच्या पाण्यावर ताम्हण एव्हाना आतल्या सगळ्या झाडांच्या वर गेलं होतं आणि त्याची दाट सावली रस्त्यापर्यंत पडत होती. जिपेची वाट बघणाऱ्यांनी तिथे दोन विटांवर एक शहाबादी फरशी टाकून घेतली होती. मी तिच्याकडे तोवर अतिक्रमण म्हणून बघत होतो. फरशीवर गाठोडं घेऊन एक बाई बसली होती, मायच्या शेजारच्या गावची. माय तिच्याजवळ टेकली. जीप आली, बाई चढली, आणि तिच्या जागी उतरलेली दुसरी बसली. माय जराशी सरकली फक्त. आणखी एक जीप गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

“माय, दोन जिपा गेल्या.”

“जाऊ दे. ही बाई काय सांगून राहिली ते ऐकू दे.”

त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की ती काठी घेऊन तिथे जाते. कुणी कोर्टात आलेलं असतं, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, आणि परतीची जीप लवकर भरत नाही. ज्येष्ठात पेरणीची चर्चा. श्रावणात औंढ्याहून दर्शन घेऊन परतणारे. कार्तिकात सोयरिकी. फाल्गुनात हळद शिजवून पिवळे पडलेले हात. पौषात लग्नं नसतात, तेव्हा मोडलेल्या लग्नांबद्दल बोलतात. रात्रीच्या जेवणात आम्हाला सगळं सविस्तर कळतं. बायकोने एकदा माझी वही काढली, पौषातलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि वही परत ठेवली.

गेल्या दिवाळीत भाऊ तिला न्यायला आला. जिपेत दोन जागा धरून आला होता. मी मध्ये बोललो नाही. बोललो असतो तर ती नक्की गेली असती.

“मी आले तर इथं बसंल कोण?” ती त्याला म्हणाली.

भावाने माझ्याकडे बघितलं. मी बहाव्याकडे बघितलं. भावाला घेऊन जीप गेली, एक जागा रिकामी ठेवून.

पिशवी अजून खुंटीवर आहे, भरलेली. बायकोने मध्ये ती धुवायला काढली, तर मायने वाळल्याबरोबर पुन्हा भरून ठेवली. आम्ही आता पिशवीला हात लावत नाही.

आतली बाग ठरल्याप्रमाणे फुलते. बहावा, अनंत, पारिजातक, कांचन, कुणीही महिना चुकवत नाही. बाकावर पापड असतात. मागच्या महिन्यात नर्सरीवाला या रस्त्याने जाताना थांबला, ताम्हणाभोवती एक फेरी मारली, मायच्या बाजूला बसून पाणी प्यायला आणि फूल कसं येतं, असं मला विचारलं.

ताम्हणाला अजून एकदाही फूल आलेलं नाही.