कापसाच्या खोलीतला कम्प्युटर

आमचा कम्प्युटर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला होता. काळा, आडवा, पोळपाटाहून थोडा मोठा डबा. अकोल्याच्या जुन्या शहरात एक चाचा असे जुने कम्प्युटर साफ करून विकत. बाबांनी तो त्यांच्याकडून घेतला, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "दोघांले पुरन ना?"

दोघं म्हणजे मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमरावतीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होतो. ताई बारावीनंतर घरीच राहिली. दोघांना बाहेर शिकायला ठेवणं जमणार नाही, असं तिला कोणी तोंडावर सांगितल्याचं मला आठवत नाही. तिनं बॅग भरली नाही, एवढंच. पेपरात आमच्या भागाचं नाव तेव्हा बहुतेक वाईट बातम्यांसाठीच यायचं, आणि घरात खर्चाचा विषय निघाला की सगळे दुसऱ्याच विषयावर बोलायला लागायचे.

ताईनं मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायचं ठरवलं. अकोल्याच्या एका कापूस जिनिंगच्या ऑफिसात जागा निघणार होती. सर्टिफिकेट आण, मग बघू, असं तिथल्या बाईंनी तिला सांगितलं होतं. बाबांचंही ठरलेलं होतं. "एवढी परीक्षा देऊन घे. जमलं तं कर नोकरी. नाई जमलं तं मंग मी स्थळं पाह्यतो. मंग कुरकुर नको." ताई रोज दुपारी दोन तास त्या डब्यासमोर बसायची. रस्त्यावरूनही तिची खटखट ऐकू यायची.

हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या एका मुलाकडे चांगला लॅपटॉप होता. तो गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळायचा. बर्फाचे डोंगर, ओले रस्ते, आरशात मागून येणारी गाडी. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून पाहायचो. कधीतरी तो दहा मिनिटं मला बसू द्यायचा. एकदा त्यानं सहज विचारलं, "तुमच्या घरच्या कम्प्युटरवर चालतो का हा?" मी म्हणालो, "चालते ना." ते खोटं होतं. आपल्याकडंही काहीतरी आहे, असं एकदा वाटावं म्हणून मी ते बोललो. नंतर मला ते खरं करून दाखवायची घाई झाली.

स्कॉलरशिप आली तेव्हा पुस्तकं घ्यायची आहेत असं घरी सांगितलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत बडनेऱ्याहून गाडी पकडून सरळ अकोल्याला उतरलो.

चाचा मान खाली घालून कुठल्यातरी वायरीला सोल्डरिंगचा डाग देत होते. मी ग्राफिक्स कार्ड मागितलं तसं त्यांनी चष्मा वर केला.

"तुमच्या डब्याले बुटकं कार्ड लागते, भाऊ. ते महाग. अन् सध्या माह्यापाशी हाय बी नाई."

"अन् साधं?"

"साधं सस्तं हाय, पण उंच हाय. चालन, पण झाकण लागणार नाई. उघडा ठेवा लागते." मग त्यांनी विचारलं, "घरी गेम कोण खेळते?"

"कोणी नाई, चाचा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पाह्यजे."

"अच्छा, प्रोजेक्ट," असं म्हणून ते हसले, आणि पत्र्याची पट्टी काढून कार्ड माझ्या हातात दिलं. "प्रोजेक्टले जास्त गरम होऊ नका देऊ. धूळ बी नका लागू देऊ."

तिथून एसटीनं गावी घरी आलो तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. भाव पडलेला होता, म्हणून बाबांनी कापूस विकला नव्हता. ज्या खोलीत कम्प्युटर होता तिथंच तो भरला होता. दारातून टेबलापर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट, दोन्ही बाजूंना खिडकीच्या वरपर्यंत पांढरा ढीग. वऱ्हाडात हे काही नवल नाही. लहानपणी आम्ही कापसात उड्या मारायचो आणि आई ओरडायची.

पहिल्याच दुपारी मी कार्ड बसवलं, हॉस्टेलवरून पेनड्राइव्हवर आणलेला खेळ टाकला, आणि ताईसकट सगळे शेतात गेले की खेळायचो. वेचायला चल, असं आईनं एकदाच म्हटलं. मी प्रोजेक्टचं नाव घेतलं तशी ती लगेच म्हणाली, "राहू दे, राहू दे, त्याले अभ्यास हाय." त्या पाच-सहा दुपारी मी खूप आनंदात होतो, हेही लिहायला हवं. बर्फातल्या रस्त्यावर गाडी घसरली की मी एकटाच हसायचो. बाजूला कापसाचा ढीग, त्याचा तो कोमट वास, आणि मधूनच ढिगातून कापसाचा एखादा पुंजका सुटून खाली यायचा. वेचलेल्या कापसानं कमरेचा ओटा भरलेली एखादी बाई अंगणात पाणी प्यायला आली की मी आवाज बंद करायचो.

सुट्टी संपली. कार्ड काढून झाकण लावायला अर्धा तास लागला असता, आणि शनिवारी घरी आलो की दर वेळी परत बसवावं लागलं असतं. मी कंटाळा केला. जाताना ताईला सांगितलं, "झाकण लावू नको. गरम होते तो."

"उघडाच ठेवू? कापूस हाय ना इथं."

"काही होत नाई."

"बरं. तुले कळते त्यातलं," ती म्हणाली.

हे तिचं वाक्य मला अजून आठवतं.

परीक्षेला महिनाभर असताना तिचा फोन आला. कम्प्युटर आपोआप बंद पडतो म्हणाली. पुढच्या शनिवारी मी पोहोचलो, तोपर्यंत तो सुरूच होईनासा झाला होता. बाकी सगळे अंगणात असताना मी घाईघाईनं कार्ड काढून खिशात टाकलं. झाकण शोधलं, ते सापडलं नाही. मग तो डबा तसाच पोत्यात घातला आणि ताई आणि मी एसटीनं अकोल्याला गेलो.

चाचांनी चिमट्यानं पंख्यातून कापूस ओढायला सुरुवात केली. तो संपेचना. धुळीनं काळपट झालेली लांब वात निघत राहिली, दिव्यासाठी हातावर वळल्यासारखी.

"या अल्ला. ह्याची तं गादी भरली तुमी!"

ताई हसली. मला हसता आलं नाही.

"पंखा अडकला, अन् पॉवर सप्लाय जळून गेला. ह्या बुटक्या डब्याचा सप्लाय वेगळा राहते. साधा बसत नाई. नागपूरहून मांगवा लागन. पंधरा-वीस दिस." मग ते माझ्याकडं पाहून म्हणाले, "झाकण कुठं हाय?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं की खोटं, ते माझं तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

"माहीच चूक हाय, चाचा," ताई म्हणाली. "ढीग मीच टेबलाजवळ लावला. कपडा टाकाले पाह्यजे होता."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. प्रोजेक्टबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी वात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले.

घरी बाबांनी विचारलं, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. बाबा चिडले. "परीक्षा तुही, अन् तुलेच इतकं समजत नाई? पोरगं तिकडं शिकून राह्यलं, अन् तू इथं वस्तू खराब करून राह्यली." मी पाटावर बसून जेवत होतो. घास तोंडात होता. तो मी चावून गिळला.

कम्प्युटर नव्हता, पण कीबोर्ड घरीच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला खटखट ऐकू आली. जाऊन पाहिलं तर ताई जमिनीवर बसली होती. कीबोर्ड उलट्या घमेल्यावर ठेवलेला, त्याची वायर बाजूला गुंडाळलेली. समोर पेपराचं पान. ती उतारा टाइप करत होती. भिंतीकडं बघत, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

"असं काय करून राह्यली, ताई?"

"बोटं बसली पाह्यजे ना."

"पण चुकलं तं कसं समजन?"

"नाई समजत," ती म्हणाली, आणि परत सुरू झाली.

पॉवर सप्लाय परीक्षेच्या दोन दिवस आधी आला. चाचांनी कम्प्युटर चालू करून दिला. पण दोन दिवसांत काय होणार?

निकाल लागला, तेव्हा मी अमरावतीत होतो; मला तो आठवडाभरानं फोनवर कळला. ताई नापास झाली होती. वेगात ती पास होती, चुकांमध्ये गेली. जिथं डोळ्यांनी चूक दिसली नव्हती, तिथं बोटांना तिची तशीच सवय लागून गेली होती. मी फोन ठेवला, संध्याकाळची एसटी पकडली आणि वाटेत काय बोलायचं ते जुळवत बसलो. कार्ड पिशवीत घेतलं होतं, पुरावा म्हणून.

ताई स्वयंपाकघरात भाकरी करायला बसली होती. बाबा-आई बाहेर होते. मी दारात उभा राहिलो. "ताई, त्या कम्प्युटरचं…"

तिनं पिठाच्या डब्यावरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. ते झाकण पिठाच्या डब्याचं नव्हतं. काळं, पत्र्याचं, एका बाजूला जाळी असलेलं. पिठाचं झाकण चेपलं होतं, म्हणून आईनं दिवाळीतच हे उचलून तिथं ठेवलं असणार.

"रोज ह्यातून पीठ काढतो मी," ताई म्हणाली. "अन् ते उंच काहीतरी होतं आत, ते काय मले दिसत नव्हतं का? तू गेल्यावर मी सुरू केला, तं ती गाडीच दिसली स्क्रीनवर."

"मंग तू काहून म्हटलं, तुही चूक म्हून?"

ती पीठ मळायला लागली. "बाबानं तुले घरी बसवलं असतं. मंग दोघंही इथंच. काय फायदा?"

मला रडू येत होतं आणि रडायचा अधिकार नाही असंही वाटत होतं. मी म्हणालो, "मी सांगतो बाबाले. आत्ता सांगतो."

"सांगू नको. पाहुणे येऊन गेले परवा. अचलपूरचे. लोक चांगले हायेत." गोळा वळत ती म्हणाली, "मले दाखव ना एकदा तो खेळ. काय होतं त्यात एवढं, ते तं पाहू दे."

भाकरी झाल्यावर मी कार्ड बसवलं. कापूस तोपर्यंत विकला गेला होता, खोली मोठी आणि रिकामी वाटत होती. मी खेळ सुरू करून तिला खुर्चीवर बसवलं. तिनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, दहाही बोटं जिथली तिथं, टायपिंगला ठेवतात तशी. मी म्हणालो, "चारच बटनं लागतात, ताई." गाडी निघाली, पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. ती पुन्हा निघाली, पुन्हा धडकली. मग ताई सरळ रस्त्यावर जरा वेळ नीट गेली. बर्फ, डोंगर, निळसर उजेड.

"चांगलं हाय," ती म्हणाली. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता त्यात. मग खुर्ची मागं सरकवून तिनं विचारलं, "झालं? काढ आता ते."

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कम्प्युटर तिच्यासोबत द्यायचा हे मीच बाबांना म्हटलं, आणि तो पोहोचवायला अचलपूरच्या एसटीत मीच बसलो. डबा मांडीवर होता, झाकण लावलेला. मी ते दोनदा धुतलं होतं, तरी जाळीच्या बारीक भोकांत ज्वारीचं पीठ राहिलं होतं. वाटभर मी नखानं ते काढत होतो.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला की नाही, हे विचारायला मी अजून धजलेलो नाही. फोनवर आम्ही पावसापाण्याचं बोलतो. मधूनच मागं खटखट ऐकू येते का, म्हणून मी जरा गप्प राहतो. मग ती म्हणते, "काहून रे, आवाज येत नाई का?"

"येते ना," मी म्हणतो.