गाठीची ओटी

सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडापाशी ती बाई मला एकदाच भेटली. दिवस गेल्याला वर्ष उलटले, तरी पोट भरल्या दिवसांचे दिसे. वैद्यकाच्या ग्रंथांतला हा रक्तगुल्म, गर्भासारखी वाढणारी गाठ. डॉक्टरांनी गर्भाशयातील गाठ म्हणून मुंबईस शस्त्रक्रिया सांगितली होती. ती मात्र जाईना.

"हत्तीण हाय काय गो तू?" सोबतची जाऊ करवादली. "सांगा वो भटजी, नायतर मरंल ही!"

पदर पोटावर ओढीत ती म्हणाली, "पोर समजून देवळात माजी ओटी भरली. देवीला फसवली मी. आता कापताना ती मला राखंल?"

मी म्हणालो, "ओटी पोराची नसते, बाई, सवाष्णीची असते."

तिने पदर खोचला. मग जावेला म्हणाली, "चल गो, दासगावची मुंबईची बोट चुकंल."