पिंग आणि पायगुण

“मॅडम, तुम्ही नुसतं येऊन बसा. काय करू नका,” चेअरमन आप्पा फोनवर म्हणाले. “तुम्ही बसला की नेट चालतंय.”

त्या महिन्यातली ही तिसरी खेप. घोड नदीकाठच्या एका गावात शेतकऱ्यांच्या संस्थेची माती तपासायची लॅब होती. गावाचं नाव सांगत नाही; आप्पा हयात आहेत आणि चष्मा लावून सगळं वाचतात. मी तेव्हा शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. आता नातवंडं मला मोबाईल कसा धरायचा ते शिकवतात, पण तेव्हा, पन्नाशीत, लिनक्स येणारी तालुक्यातली एकमेव बाई मीच होते. निदान माझं तरी असं मत होतं. दुकानाच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ हा शब्द मी स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता.

लिनक्स म्हणजे लॅपटॉप चालवणारी फुकटातली सिस्टिम. तिची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते. लायसनचा खर्च नाही, म्हणून ती संस्थेच्या गळ्यात मीच मारली होती. त्यामुळे काही बिघडलं की बोट माझ्याकडे.

तक्रार अशी होती. अश्विनी नावाची मुलगी मातीचे रिपोर्ट भरायची. नत्र, स्फुरद, पालाश; एकेक आकडा मशीनवर बघायचा, फॉर्ममध्ये टाकायचा, पुन्हा ताडून बघायचा, मग सबमिट. सबमिट दाबलं की पान गरगर फिरत राहायचं. वायफायचं चिन्ह मात्र कोपऱ्यात ऐटीत उभं, जसं काही झालंच नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला की नेट परत यायचं, पण भरलेला फॉर्म पुसला गेलेला असायचा.

पहिल्या खेपेला मी राउटर हलवला. राउटर म्हणजे खोलीत वायफाय सोडणारा डबा. तो कपाटावरून काढून गणपतीच्या फोटोखाली ठेवला. दुसऱ्या खेपेला बाहेरची बाभूळ छाटायला लावली. राउटर आणि लॅपटॉप एका खोलीत, मधे फक्त एक टेबल, आणि बाभूळ भिंतीपलीकडे. तरी मी “सिग्नलला अडथळा” असं इतक्या रुबाबात म्हणाले की दोन गडी कुऱ्हाड घेऊन वर चढले. झाड एका बाजूनं पार बोडकं केलं. कुणी विचारलं नाही आणि तज्ज्ञबाईंना स्वतःला विचारायचं सुचलं नाही.

दोन्ही वेळा माझ्यासमोर नेट झकास चाललं. स्कूटी शिरूरच्या स्टँडपाशी पोचते न पोचते, तोच फोन. “मॅडम, परत मेलं.”

तिसऱ्या खेपेला आप्पांनी माझ्यासाठी खुर्चीवर गादी घातली होती. बशीत पेढे. मी नेहमीप्रमाणे स्क्रीनवर हुकूम टाईप करायची काळी खिडकी उघडली आणि पिंग लावलं. पिंग म्हणजे हाक. लॅपटॉप राउटरला हाक मारतो, राउटर ओ देतो, स्क्रीनवर एक ओळ उमटते. हे थांबवेपर्यंत चालू राहतं. ओळी धडाधड पडायला लागल्या. अश्विनीनं रिपोर्ट भरला, सबमिट केला. गेला.

“बघा!” आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. “ह्याला म्हणत्यात पायगुण.”

मी नम्रपणे मान हलवली. म्हणजे मला ती नम्र वाटली.

“आन् माझा भाचा सागर बसला की पिक्चरसुद्धा न थांबता पळतोय,” आप्पा पुढे म्हणाले. “ही पोरगी बसली की खलास. ही कामाला लागली त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. मग माझ्या गाडीला उसाची ट्रॉली घासली. पांढऱ्या पायाची हाय. सोमवारपासनं सागर बसंल हितं.”

हे सगळं अश्विनीच्या समोर. ती नांदणं सोडून माहेरी आलेली. तिची आणि तिच्या लेकीची चूल ह्याच नोकरीवर पेटत होती. सागर दारात उभा राहून खुर्चीकडे बघत होता, गादीसकट.

“असलं काही नसतं हो आप्पा,” मी म्हणाले. तोंडात पेढा होता. माझ्याच पायगुणाचा.

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमचा पायगुण खरा आन् माझा खोटा, आसं कसं हुईल? दोन्ही खरं, न्हाईतर दोन्ही खोटं. काय ते एक सांगा, मंजी मला घरी सांगाया बरं.”

उत्तर द्यायचं टाळायला मी स्क्रीनकडे तोंड केलं. ओळी पडतच होत्या. हाक, ओ. हाक, ओ. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तज्ज्ञबाईंनी डोकं वापरलं.

मी बसले की पिंग चालू. सागर बसला की पिक्चर चालू. दोन्ही वेळा वायफाय सतत कामात. अश्विनी बसली की शांतता. ती आकडे ताडत असते, नेटकडून काहीच मागत नाही. आणि जाताना मी काय करायचे? माझी काळी खिडकी टापटीपपणे बंद करून जायचे.

“आप्पा, माझ्या पायाची परीक्षा घ्यायची?” मी विचारलं.

“घ्या की. पाय तुमचं हायेत.”

मी पिंग बंद केलं आणि गादीवर ठाण मांडून बसले. अश्विनीला म्हटलं, भर फॉर्म, नेहमीसारखा सावकाश. तिनं भरला. सबमिट. पान गरगर.

आप्पांनी माझ्या चपलांकडे संशयानं पाहिलं.

मग लॅपटॉप बंद करून चालू केला, पिंग लावलं आणि माझे दोन्ही पाय घेऊन मी बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. बाभळीखाली; सावली अर्धीच होती, माझ्याच कृपेनं. खिडकीतून अश्विनीचा आवाज आला, “गेला मॅडम! दुसरा बी गेला!”

आत येऊन मी पिंग बंद केलं. “आता सागर बसू दे. पिक्चर नाही. एकच रिपोर्ट.”

सागर एका बोटानं टाईप करत होता. नत्राचा रकाना शोधण्यातच चहा निवला. शेवटी त्यानं सबमिट दाबलं. पान फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं.

“बघा आप्पा, ह्याचे पाय कुठल्या रंगाचे आहेत,” मी म्हणाले. सागरनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग मी समजावून सांगितलं. लॅपटॉपमध्ये वायफायचं एक कार्ड असतं. काम नसलं की बॅटरी वाचवायला ते डुलकी घेतं. ह्याला पॉवर सेव्ह म्हणतात. चांगलं कार्ड हाकेसरशी उठतं. हे उठायचं नाही. माझं पिंग त्याला झोपूच देत नव्हतं.

“मंजी कार्डच आळशी?” आप्पा.

“काटकसरी म्हणा. बॅटरी वाचवतंय.”

“कार्ड निदान बॅटरी तरी वाचवतंय,” अश्विनी सागरकडे न बघता म्हणाली.

दुरुस्ती सांगायला लाज वाटते. सेटिंगच्या फाईलमध्ये पॉवर सेव्हसमोर तीन हा आकडा होता. तिथं दोन केला, म्हणजे डुलकी बंद. फाईल सेव्ह केली, लॅपटॉप पुन्हा चालू केला. पेढा खायला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पिंग न लावता अश्विनीनं उरलेले रिपोर्ट सावकाश भरले. सगळे गेले.

“सोमवारी कोण बसणार, आप्पा?” मी दारातून विचारलं.

आप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला. “जी बसतीय तीच बसंल. मी कुठं काय म्हणलो?”

अश्विनी अजून तिथंच आहे. गादी तिनं ठेवून घेतली. पुढे एकदा प्रिंटर अडला तेव्हा आप्पांचा फोन आला, “मॅडम, तुम्ही नुसतं येऊन...” तेवढ्यात मागून तिचा आवाज, “बसाया नगं. आदी काय झालंय ते मला बघू द्या.”

ह्या धंद्यात मी एवढंच शिकले: यंत्र आपल्यासमोर नीट चालत असेल, तर आपल्याला ओवाळून घेण्याआधी आपण तिथं नेमकं काय करतोय ते बघावं. हे शिकायला तज्ज्ञबाईंना तीन खेपा, एक बशी पेढे आणि अर्धी बाभूळ लागली. पेढे मी परत केले नाहीत. बाभूळ पुन्हा फुटली, पण वाकडी; शिरूरहून दौंडला जाताना दिसते. नातवंडं बरोबर असली की मी त्यांना ती बोट करून दाखवते आणि सांगते, ती बघा, आजीची पाटी.