मालकीण, ड्रायव्हर आणि वकीलसाहेबांचा सोफा

गाजलेल्या नाटकाचा सिनेमा करायला घेतला की सिनेमा होवो न होवो, किस्से मात्र रिळांपेक्षा जास्त जमतात! श्रीमंत विधवा मालकीण आणि तिचा ड्रायव्हर यांच्या प्रेमाचं एक नाटक आमच्या अण्णांनी पडद्यावर आणलं. मी त्यांचा असिस्टंट.

*

रंगमंचावर मालकीण वर्षानुवर्षं कुमुदताईंनीच केलेली. पण निर्मात्याला तरुण हिरॉईन हवी! अण्णांनी चाचरत ताईंना स्वयंपाकीणबाईंचा रोल विचारला. मला वाटलं, आता चहासुद्धा मिळत नाही.

ताई म्हणाल्या, "घर तेच ना? मग बदली झाली समजते. कधी हजर होऊ?"

*

पहिल्याच टेकला ताई "बाईसाहेब, पानं घेतलीत!" अशा कडाडल्या की साउंडवाल्यानं हेडफोन काढून ठेवला.

"ताई, कॅमेरा इथं आहे," अण्णा म्हणाले, "बाल्कनीत नाही."

"बाल्कनीतले काय फुकट येतात?"

*

शूटिंग येरवड्याला, एका वकीलसाहेबांच्या बंगल्यात. ड्रायव्हर मालकिणीशेजारी सोफ्यावर बसतो, असा सीन. वकीलसाहेब आडवे आले. "ड्रायव्हर माझ्या सोफ्यावर बसणार नाही!"

"अहो, तो नट आहे. एरवी बँकेत ऑफिसर!"

"मग कपडे बदलून बसू दे."

*

"आज गाडी नको. नुसते थांबा." मालकिणीचा एवढाच डायलॉग, पण हिरॉईनला जमेना. टेकवर टेक! पोर रडकुंडीला आली. पिठाच्या हातांनी ताई पुढे झाल्या.

"अगं, तू हुकूम सोडतेस. ही बाई जन्मात पहिल्यांदा कुणाची विनवणी करतेय."

आणि ताईंनी ते वाक्य इतक्या हळू म्हटलं, की समोरचा हिरो स्वतःचा डायलॉग विसरला. पुढचा टेक ओके!

अण्णा कुजबुजले, "ताई, रोल तुम्हालाच द्यायला हवा होता."

"आता सांगताय? माझ्या पोळ्या राहिल्यात!"

*

पहिल्या खेळाला वकीलसाहेब पत्नीला घेऊन आले. सिनेमाभर काकूंची नजर पडद्यावरून हलली नाही. बाहेर त्यांचा ड्रायव्हर शंकर मागचं दार उघडून उभा. वकीलसाहेब आत बसले, सरकून जागा केली. काकू गाडीला वळसा घालून गेल्या, पुढचं दार स्वतः उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या.

"अगं, इकडे!" वकीलसाहेब ओरडले.

"बसा की तुम्ही ऐसपैस," काकू म्हणाल्या. मग पदर सावरत शेजारी वळल्या. "शंकरराव, जरा लांबून घ्या!"